भाऊंच्या शेजारचा कागद

माझी बायको गेल्या जूनमध्ये गेली. हे वाक्य मला आता न अडखळता लिहिता येतं. बोलता मात्र बरेच दिवस येत नव्हतं, आणि एका माणसाला तर मी ते आठ महिने सांगितलंच नाही. त्याबद्दल लिहायचं आहे, पण त्यासाठी आधी सोफियाबद्दल लिहावं लागेल.

आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. बायको तिथल्या ते रापा नावाच्या भागात दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर होती. तीन वर्षांपूर्वी तिथे नवी यंत्रणा बसवायचं ठरलं. ती यंत्रणा तयार करणाऱ्यांचं ऑफिस सोफियाला, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीत होतं. तिला सहा महिने तिकडे राहायला सांगितलं. मुलगी नेमकी तेव्हाच वेलिंग्टनला शिकायला गेली होती. मी हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. घरात एकटा बसून काय करणार, म्हणून मी बिनपगारी रजा काढली आणि तिच्याबरोबर गेलो.

फेब्रुवारीत पोचलो तेव्हा बर्फ होतं. ती सकाळी ट्रामने ऑफिसला जायची. मला काहीच काम नव्हतं. मी चालायचो आणि वाचायचो. शहराच्या मध्यभागी पिवळ्या विटांचे रस्ते आहेत. ओले झाले की त्यांच्यावरून पाय सटकतो, म्हणून तिथली म्हातारी माणसं कडेकडेने चालतात. कुठल्याही रस्त्याच्या टोकाला बघावं तर डोंगर दिसतो. मेट्रो स्टेशनात उतरलं की जिन्याशेजारीच रोमन काळातल्या भिंती उघड्या पडलेल्या, आणि त्यांच्यासमोर बाई मोजे विकत बसलेली. जुन्या स्नानगृहाजवळ गरम पाण्याचे नळ आहेत. लोक मोठमोठे कॅन घेऊन रांगेत उभे राहतात आणि वाफाळतं पाणी घरी नेतात. मीही रोज दोन बाटल्या आणायचो. पाण्याला लोखंडाची किंचित चव होती. ती म्हणायची, "आण, आण. एवढा शिकलेला माणूस, शेवटी पाणक्या झाला."

तिला सगळ्यात आवडली ती तळघरातली दुकानं. इमारतीच्या पायाशी, फुटपाथच्या पातळीवर एक खिडकी असते. दुकानदार खाली तळघरात उभा, आणि गिऱ्हाइकाने वर रस्त्यावर उकिडवं बसून त्याच्याशी बोलायचं. चहापत्ती, बिस्किटं, सिगारेट, सगळं त्या खिडकीतून वर येतं. तिचा उजवा गुडघा दुखायचा, तिला बसता यायचं नाही. मग मी उकिडवा बसायचो आणि ती वरून फर्मान सोडायची. "अरे, ते नाही, मागचं निळं. त्याला विचार ना ताजं आहे का." मला बल्गेरियन येत नाही हे तिला ठाऊक होतं. दुकानदार हसायचा. मी किती सहज खाली बसतो याचं त्याला कौतुक वाटायचं.

आता पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही राहायचो त्या इमारतीच्या मुख्य दारावर एक कागद चिकटवलेला होता. साध्या पानाएवढा, वर मिशीवाल्या गृहस्थाचा काळापांढरा फोटो, खाली चार-पाच ओळी. अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती. पुढच्या झाडावर असाच दुसरा कागद, बसस्टॉपवर तिसरा.

ती म्हणाली, "बघ, इथेसुद्धा! भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

मी म्हटलं, "इतका साधा फ्लेक्स? मागे वाघ नाही, खाली शुभेच्छुकांची रांग नाही."

"वॉर्ड गरीब असेल."

पुण्यात वाढलेल्या माणसाला भिंतीवरचा अनोळखी फोटो म्हणजे दुसरं काय वाटणार? तेव्हापासून आत-बाहेर करताना ती त्या फोटोला हात करायची. "काय भाऊ, केक कापला का?" मला कधीकधी लाज वाटायची, पण ऐकणारं आणि समजणारं तिथे कोणी नव्हतं.

आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मोबाइलवर भाषांतराचं ॲप धरून आमच्याशी बोलायच्या. बायकोने पहिल्याच दिवशी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली आणि त्या शब्दाला त्या ओ देऊ लागल्या. एकदा त्यांनी आम्हाला दारात थांबवलं आणि त्या कागदाकडे बोट दाखवून ॲपमध्ये काहीतरी बोलल्या. पडद्यावर उमटलं: हे माझे पती, सात वर्षं झाली.

तिथे माणूस गेला की त्याचा असा कागद छापतात आणि दारावर, झाडावर, तो जिथे राहिला त्या रस्त्यावर लावतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, मग दर वर्षी. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. त्यासाठी वेगळं कोणाला काही सांगावं लागत नाही.

मी तिथून जिन्याकडे निघालो होतो. ही मात्र तिथेच उभी राहिली. मावशींच्या हातातलं यंत्र घेतलं आणि त्यात सरळ सगळं सांगून टाकलं: आम्हाला वाटलं हे नगरसेवक आहेत आणि त्यांचा वाढदिवस आहे, मी रोज त्यांना शुभेच्छा देते, मला माफ करा. यंत्राने ते बल्गेरियनमध्ये वाचून दाखवलं. मावशी भिंतीला हात टेकून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, त्याचा वाढदिवस मी नेहमी विसरायचे, तू शुभेच्छा देत जा. पुढे त्यासुद्धा त्यांना भाऊ म्हणायला लागल्या. अशी त्या दोघींची मैत्री झाली. दह्यावरून वाढली. सोफियातलं दही प्रसिद्ध, आणि ही दुधाच्या कारखान्यातली. दोघी मिळून विरजण लावायच्या, पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवायच्या आणि सकाळी कोणाचं घट्ट लागलं यावर भांडायच्या. मावशी तिच्या गुडघ्याला घरची दारू चोळून द्यायच्या. घरभर वास यायचा.

एकदा मावशी आम्हाला कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. मोठं, सोनेरी घुमटांचं चर्च बघायला सगळे जातात. हे अगदी ठेंगणं, जमिनीत अर्धं रुतल्यासारखं होतं. आत मेणबत्त्या लावायची दोन ठिकाणं होती. बायकोने तिच्या वडिलांसाठी एक मेणबत्ती घेतली आणि वरच्या स्टँडवर लावायला हात पुढे केला. मावशींनी तिचं मनगट धरलं. वर जिवंत माणसांसाठी लावतात, गेलेल्यांसाठी खाली, वाळूच्या ट्रेमध्ये. त्यांनी एक मेणबत्ती खाली भाऊंसाठी लावली, एक तिच्या वडिलांसाठी लावू दिली, आणि एक वर लावून तिच्याकडे बोट दाखवलं. दर रविवारी त्या तशी लावायच्या. आम्ही परत आल्यावरही.

एक मार्चला तिथे लाल आणि पांढऱ्या लोकरीच्या पीळ घातलेले दोरे मनगटाला बांधतात. हिवाळा संपून पहिला मोहोर दिसला की दोरा सोडून त्या झाडाला बांधायचा. त्या वर्षी मावशींनी आम्हाला बांधले आणि महिन्याभराने अंगणातल्या झाडाला फुलं आल्यावर आम्ही ते त्याला बांधले. ऑगस्टमध्ये आम्ही हॅमिल्टनला परतलो. पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी टपालाने पाकीट आलं, आत दोन दोरे.

इथे मार्चमध्ये पानगळ सुरू होते. मी म्हटलं, आता कुठला मोहोर? ती म्हणाली, "नियम नियम आहे. येईल तेव्हा सोडायचा." म्हणजे ऑगस्टअखेर, शेजारच्यांचा प्लम फुलेपर्यंत. सहा महिने. कारखान्यात मनगटावर काही चालत नाही, अंगठीसुद्धा काढून ठेवावी लागते. मग तिने दोरा उजव्या घोट्याला बांधला आणि वरून मोजा चढवला, वर गमबूट. माझा मी वाचत असलेल्या पुस्तकात खुणेला ठेवला. ती म्हणाली, "ठेव, ठेव. पुस्तकाला पालवी फुटली की सांग." त्या वर्षी प्लम फुलल्यावर तिने शेजाऱ्यांना विचारून दोरा फांदीला बांधला. शेजारी इथल्या बोलीत म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे खुशाल बांधा. का, कशाला, काही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीही पाकीट आलं. दोरा घोट्याला होता तेव्हाच, जूनमधल्या एका सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली. गुडघ्यामुळे ती कधी खाली बसायची नाही, म्हणून मला लगेच कळलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. तिथली एक नर्स साताऱ्याकडची होती. तिने मला हळूच विचारलं, "सर, पायात दृष्टीचा दोरा आहे. राहू दे ना?" मी हो म्हटलं. नंतर अंत्यसंस्कार करणाऱ्या लोकांनीही तेच विचारलं. त्यांनाही हो म्हटलं. समजावून सांगायला बसलो असतो तर सोफियापासून सुरुवात करावी लागली असती. दोरा तिच्याबरोबर गेला.

त्यानंतर मी पुष्कळ जणांना फोन केले. प्रत्येकजण रडायचा आणि मी पलीकडून ऐकत राहायचो. माझ्याकडून काही यायचं नाही. त्यांना ते विचित्र वाटत असणार. लोक डबे घेऊन आले, ते डबे मी धुऊन नावं वाचून परत केले. कामावर गेलो. गोळ्या तपासल्या. कुठे काही चुकलं नाही.

ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, तिचा मोबाइल वाजला. मावशींचा मेसेज होता. दर रविवारी चर्चमधून आल्यावर यायचा तसा. ॲपने त्याचं मराठी केलं: माझ्या पोरी, तिथे थंडी पडली का, गुडघा कसा आहे.

मी लिहिलं: थंडी आहे. गुडघा बरा आहे.

का लिहिलं ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी मी आणखी एका माणसाला सांगू शकत नव्हतो, एवढंच. वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी त्यांनी दह्याचा फोटो पाठवला. मी लिहिलं: माझं याहून घट्ट लागतं. तिने हेच लिहिलं असतं. मग मी रविवारची वाट बघायला लागलो. आठवड्यात वाट बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांच्या घरी ती गेलेली होती. ऑकलंडला, पुण्याला, ते रापाला. फक्त सोफियाच्या त्या इमारतीत ती अजून होती. तिचा गुडघा दुखत होता, ती कारखान्यात जात होती, परसातल्या झाडाला फेजोआची फळं किती आली ते सांगत होती. मी सांगितलं की ती तिथेही संपणार होती. म्हणून मी सांगत नव्हतो. हे खोटं आहे हे मला रोज कळत होतं. त्याचंही काही वाटत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, मुलगी दोन दिवस घरी आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. पत्रपेटीतून तीच पाकीट घेऊन आली. वर तिच्या आईचं नाव होतं. उघडलं तर दोन दोरे.

"बाबा," ती म्हणाली, "डझन्ट शी नो?"

मी म्हटलं, "सांगणार आहे."

"इट्स बीन एट मन्थ्स."

मी तिला आईचा मोबाइल दिला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि वाचत गेली. बराच वेळ लागला. मी चहा केला, तो तिने घेतला नाही. शेवटी मान वर करून म्हणाली, "यू रोट हाहा?"

"हो."

"ममने कधी हाहा नाही लिहिलं." हे तिने मराठीत म्हटलं. "नेव्हर. ती तीन रडके-हसके चेहरे टाकायची. ऑलवेज थ्री."

मला ते माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो, पण मला ती मेसेज कशाला पाठवेल? मी शेजारच्या खोलीत असायचो. मुलगी मग रडली. मी तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "यू टेल हर, ऑर आय विल. टुडे, बाबा."

मी त्या दुपारी लिहिलं. माझ्या मोबाइलवरून, माझ्या नावाने. तीन वाक्यं: ती जूनमध्ये गेली. तेव्हापासून मी लिहीत होतो. मला माफ करा. बायकोने दारात उभं राहून एका दमात जे केलं होतं त्याला मला आठ महिने लागले.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. ॲपचं मराठी नेहमीसारखंच मोडकं होतं, पण त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

मी आठ महिने तिची मेणबत्ती वर लावली, मावशींनी लिहिलं होतं. दर रविवारी. तिच्या तब्येतीसाठी. ती खाली होती आणि तिच्यासाठी खाली कोणी काही लावलं नाही. हे तू केलंस.

मी ते हॉस्पिटलच्या औषधांच्या खोलीत वाचलं. आपल्याकडे तेराव्यापर्यंत सगळं झालं होतं, विधी नीट झाले होते, असं लिहिता आलं असतं. ते खरंही होतं. पण त्या मला तेराव्याबद्दल विचारत नव्हत्या. मी लिहिलं: हो, मी केलं.

रविवार आला आणि गेला. मेसेज आला नाही. तिचा मोबाइल मी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, तो तसाच राहिला. त्या रात्री मला जूनपासून पहिल्यांदा भूक लागली नाही हे लक्षात आलं. त्याआधी मी व्यवस्थित जेवत होतो.

पुढच्या आठवड्यात मावशींचा मेसेज आला, माझ्या मोबाइलवर. तिचा फोटो पाठव. एकटीचा. हसणारा चालणार नाही. जन्मतारीख आणि ती तारीख लिही. मी शोधायला लागलो. न हसणारा फोटो सापडत नव्हता. मुलीला सांगितलं, तिने तिच्या मोबाइलमध्ये शोधलं, तिच्याकडेही नव्हता. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्राचा होता तो पाठवला. केसांवर जाळी आहे त्यात. मावशींनी कळवलं, चालेल.

चार दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला. इमारतीचं तेच दार, तपकिरी रंग आणखी थोडा उडालेला. डाव्या बाजूला मिशीवाले गृहस्थ, दहा वर्षांचा कागद. त्याच्या शेजारी ती, केसांवरच्या जाळीसकट. खाली त्यांच्या लिपीत तिचं नाव. ती लिपी मी सोफियात हळूहळू शिकलो होतो. एकेक अक्षर लावत मी ते वाचलं. तिच्या नावाखाली माझं आणि मुलीचं नाव होतं, आणि त्याखाली मावशींचं. मावशींनी लिहिलं होतं: भाऊच्या शेजारी लावलं आहे. खिडकीतल्या दुकानदाराने विचारलं, त्याला सांगितलं. तो खाली बसणाऱ्या नवऱ्याबद्दल विचारत होता.

मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. ती म्हणाली, "शी लुक्स लाइक शीज रनिंग फॉर काउन्सिल." तिला भाऊंची गोष्ट माहीत नव्हती. तिच्या आईने सांगितली असेल असं मी धरून चाललो होतो, आणि मी कधी सांगितली नव्हती. मी ती पूर्ण सांगितली, केकपर्यंत. मुलगी हसली आणि मग फोन ठेवते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशींचा आणखी एक मेसेज होता. चाळीस दिवसांचा कागद राहिला, सहा महिन्यांचाही राहिला, आता त्याला इलाज नाही. हा मी लावला. जूनमध्ये वर्ष होईल, तो घरच्यांनी लावायचा असतो. खळ माझ्याकडे आहे.

मी रजेचा अर्ज केला. आमच्या विभागाच्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, वर्षाचे विधी असतील ना, इंडियाला का? मी म्हटलं, नाही, सोफियाला. त्यांनी अर्जावर सही केली. मुलगीही येते आहे. तिने विचारलं आहे की खळ कोण लावणार आणि कागद कोण धरणार.

पाकिटातले दोन दोरे होते. हॉस्पिटलातही कोपराखाली काही बांधलेलं चालत नाही. एक मार्चला मी माझा दोरा उजव्या घोट्याला बांधला आणि वर मोजा चढवला. दुसरा पुस्तकात आहे. शेजारच्यांच्या प्लमला या वर्षीही ऑगस्टअखेरच फुलं येतील. सोफियात जूनमध्ये रस्त्याकडेची लिंडनची झाडं फुलतात, सगळीकडे वास असतो. ती फुलं चालतात का, हे मावशींना अजून विचारायचं आहे. रविवारी विचारीन.